पोच

पुस्तकांचं पार्सल आलं तेव्हा
पोचेच्या कागदावर दोन सह्या लागल्या.
देणार: निरंजना कापगते.
घेणार: निरंजना कापगते.
वरच्या सहीत मी डाकसेविका,
खालच्या सहीत बी.ए. प्रथम वर्ष,
वय चौतीस, दोन लेकरं, एक शेळी गाभण.

सासूबाई चुलीपासूनच म्हणाल्या,
"सुतळी तेवढी जपून सोड वं,
वालाच्या मांडवाले कामी येते."
पुस्तकांचं काही बोलल्या नाहीत.
बोलली ती भिंतीपलीकडची शेजारीण:
"पोट्टे उघडे फिरते अन् हे शिकाले निंगाली.
काही पोच नाही बाप्पा इले."

तर पोच नसलेली बाई
पहाटे साडेतीनला उठायची.
अर्थशास्त्राच्या पुस्तकात एक माणूस संत्री खातो.
पहिल्या संत्र्याला फार आनंद, दुसऱ्याला कमी,
चौथं तो नको म्हणतो.
मी दुर्योधनच्या ताटात चौथ्यांदा भात वाढला,
राइस मिलमधून कोंडा झटकत आलेल्या,
आणि वाट पाहिली.
"आहे का अजून?" म्हणाला.
समासात लिहून ठेवलं, आमच्याकडे लागू नाही.
परीक्षेत मात्र संत्र्यांचंच लिहिलं.

रोवण्याच्या दिवसांत पुस्तक उघडलंच नाही.
थैली गेली की बांधीत,
बोटांच्या बेचक्यात चिखल्या,
पान उलटायला बोट वळेना.
त्या सत्रात इंग्रजी राहिलं.
पुन्हा दिलं. पुन्हा राहिलं, दोन मार्कांनी.
त्या दिवशी प्रणयच्या पाठीत धपाटा घातला,
तो नुसता कंपास मागत होता.
हे मी कुठल्याच स्वाध्यायात लिहिलं नाही.

पेपरला लाखांदूरला जायचं
तर पोस्टात बदली दुर्योधन.
सगळं टपाल त्या दिवशी उलट्या शिक्क्याचं,
तारीख डोक्यावर उभी.
"वाचता येते ना? मंग?" म्हणाला.
पुढे पुढे शिक्का सरळ पडू लागला.
हिशेबही जुळायचा. एकदा सात रुपये जास्त निघाले,
कोणाचे, ते अजून कळलं नाही.

तीन वर्षांची पदवी सहा वर्षांनी आली.
थैलीत निराधारच्या नोटिसा, बँकेची पाकिटं,
लग्नाची एक पत्रिका
आणि तळाशी
दुमडू नये असं लिहिलेलं जाड पाकीट.

तिथेच फाडता आलं असतं.
पण टपाल पत्त्यावर द्यायचं असतं.
आधी शेंडे गुरुजींची पेन्शन,
मग टोलीवरची तीन घरं,
मग बोडीकडचा तो एक, जो कुत्रं बांधत नाही.
आमचं घर शेवटी येतं.
दारात सायकल लावली
आणि इतरांकडे देते तशीच हाक दिली,
"कापगते! पोस्ट!"

सासूबाई हात पुसत आल्या.
"कोनाचं आलं वं?"
"निरंजनाचं."
"घरी नाही ना ते," म्हणाल्या. "ड्युटीवर गेली."
हसल्या नाहीत. हात पुढे केला.

मशीनला रेंज नव्हती, कागद काढला.
त्यांचा अंगठा निळ्या पॅडवर धरला,
हलकाच, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा धरते तसा.
त्यांनी तो माझ्या हातातून सोडवून घेतला
आणि स्वतः टेकवला,
कागद फाटेल एवढ्या जोरात.

मग परत जावं लागलं,
साडेतीनची गाडी थैलीसाठी थांबत नाही.
संध्याकाळी आले तर
पाकीट देवळीत उभं, कोणी न फोडलेलं,
कोपऱ्यावर निळा डाग.
मी हात लांबवला.
"आधी शेळ्या बांध," सासूबाई म्हणाल्या,
"मंग सगळे बसून पाहू."